धर्मविधी नको, मग सोहळ्यात काय असावे? : वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावरची आहेत. समलिंगी जोडप्यांना आपल्या सहजीवनाचा उच्चार आपल्या माणसांसमोर करायचा आहे, त्यासाठी कोणत्याही धर्माचा विधी नको आहे, आणि असा सोहळा आखायचा कसा हे विचारायला त्यांच्याजवळ कोणी नाही. अशा सोहळ्याला 'कमिटमेंट सेरेमनी' म्हटले जाते. मी येथे 'सहजीवन-सोहळा' हा शब्द वापरते. काही जोडप्यांना मी त्यांच्या सोहळ्याची संहिता लिहायला मदत केली आहे आणि काही वेळा सूत्रधार म्हणून उभीही राहिले आहे. त्या अनुभवाच्या आधारे ही उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही दोघी आठ वर्षे एकत्र राहतो. आम्ही दोघीही देव-धर्म मानत नाही. सोहळा ठरवताना नेहमीच्या लग्नातला धार्मिक भाग एकेक करून वगळत गेलो आणि शेवटी हातात जेवण आणि फोटो एवढेच उरले. सुरुवात कुठून करावी?

तुम्ही वजाबाकीने सुरुवात केलीत, म्हणून हातात काही उरले नाही. धार्मिक विवाहात जे शब्द उच्चारले जातात ते शेकडो वर्षांपूर्वी कोणीतरी रचून ठेवलेले असतात, त्यामुळे जोडप्याला स्वतः काही बोलावे लागत नाही. तुम्ही ते शब्द बाजूला ठेवलेत, म्हणजे आता बोलण्याची जबाबदारी तुमच्यावर आली. तेव्हा सभागृह, पोशाख, फुले आणि पाहुण्यांची यादी हे सारे काही दिवस दूर ठेवा आणि आधी तुम्ही एकमेकींना काय वचन देणार आहात ते लिहा. वचन हा या सोहळ्याचा कणा आहे. बाकी सगळे त्याच्याभोवती रचता येते आणि प्रसंगी वगळताही येते.

वचने दोघींनी वेगवेगळी बसून लिहावीत आणि एकमेकींना न दाखवता सोहळा चालवणाऱ्या व्यक्तीकडे द्यावीत. ती व्यक्ती दोन्ही वाचून लांबी आणि सूर जुळतो का एवढेच पाहील. एकीचे वचन पाच मिनिटांचे आणि दुसरीचे पाच ओळींचे झाले, तर पाच ओळी वाचणारीला सर्वांसमोर उगाच कमीपणा वाटतो, आणि तो टाळणे अगदी सोपे आहे. मोठ्याने वाचल्यावर एक ते दोन मिनिटे होतील एवढा मजकूर पुरतो. मनातल्या मनात वाचून वेळ मोजू नका, कारण त्या दिवशी आवाज दाटतो, थांबावे लागते आणि तोच मजकूर दीडपट वेळ घेतो.

काय लिहावे, हा खरा अवघड भाग. 'मी तुला कायम सुखात ठेवीन' यासारखी वाक्ये सगळ्यांच्याच लेखणीतून आधी उतरतात. ती खोटी नसतात, पण ती कोणाच्याही तोंडी शोभतील, आणि हे वचन फक्त तुमच्या तोंडी शोभावे असे मला वाटते. मी सूत्रधार असलेल्या एका सोहळ्यातला प्रसंग सांगते. दोघांपैकी एकाची नोकरी रात्रपाळीची होती. दुसऱ्याने जाड पुठ्ठ्याच्या कार्डावर वचन लिहून आणले होते. हात थरथरत असल्याने कार्डाचा कोपरा सारखा सदऱ्याच्या गुंडीवर आपटत होता. त्याने वाचले, "तू पहाटे घरी येशील तेव्हा दाराची आतली कडी कधीच लावलेली नसेल. आपण भांडलेलो असू त्या रात्रीही नसेल." मागच्या रांगेपर्यंत शांतता पसरली. प्रेम हा शब्दही त्यात नव्हता आणि त्याची गरजही कोणाला भासली नाही.

असे वचन शोधायचे असेल तर मागच्या आठ वर्षांकडे पाहा. आजारपणात कोणी काय केले, पैशांवरून कशी ओढाताण झाली, कोणत्या गोष्टीवर तुमचे आजही एकमत नाही, हे आठवा. पाळता येईल तेवढेच बोला. 'मी कधीच चिडणार नाही' असे वचन पहिल्याच आठवड्यात मोडेल. 'चिडले तरी त्याच दिवशी बोलून मोकळी होईन' हे पाळण्यासारखे आहे. आणखी एक सूचना : वचन मोबाइलवरून वाचू नका. पडदा ऐन वेळी काळा होतो, आणि फोटोत तुम्ही एकमेकींसमोर निरोप वाचत उभ्या असल्यासारख्या दिसता.

वचने हाती आली की त्यांच्या आधी आणि नंतर काय हवे ते आपोआप सुचते. आधी स्वागत, मग तुमची ओळख कशी झाली आणि येथवर कशा आलात हे सूत्रधाराने थोडक्यात सांगणे, एखाद्या जवळच्या व्यक्तीने कविता किंवा उतारा वाचणे. त्यानंतर सूत्रधाराने तुम्हा दोघींना, तुम्ही स्वेच्छेने येथे उभ्या आहात का, असे स्पष्ट विचारावे आणि तुम्ही स्पष्ट उत्तर द्यावे. हा प्रश्न अनेक जण औपचारिक समजून गाळतात. मी तो गाळू देत नाही, कारण आपली निवड स्वतःच्या तोंडाने सर्वांसमोर सांगण्याची संधी ज्यांना सहसा मिळत नाही, त्यांच्यासाठी तोच क्षण फार मोठा असतो. मग वचने, अंगठ्या किंवा दुसरे एखादे प्रतीक, आणि शेवटी घोषणा. एवढे सगळे अर्ध्या तासात व्यवस्थित बसते. पाऊण तासाच्या पुढे गेलात तर वृद्ध माणसे आणि लहान मुले दोन्ही कंटाळतील.

प्रश्न : अशा सोहळ्याला कायद्याने काही अर्थ असतो का? नसेल तर तो करायचा कशासाठी, असे माझा भाऊ विचारतो.

सोहळा आणि कायदेशीर नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक ठिकाणी सोहळ्यामुळे कोणताही कायदेशीर हक्क मिळत नाही. समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनाची नोंद देशाच्या पातळीवर कायद्याने करणारा पहिला देश डेन्मार्क. तेथे १ ऑक्टोबर १९८९ पासून नोंदणीकृत जोडीदारीची सोय झाली. पूर्ण विवाहाचा हक्क प्रथम नेदरलँड्सने १ एप्रिल २००१ पासून दिला. आशियात तैवानने मे २०१९ मध्ये आणि थायलंडने जानेवारी २०२५ मध्ये तो दिला. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात अशा विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला आणि हा विषय कायदेमंडळाचा असल्याचे म्हटले.

सोहळा निधर्मी असण्याचाही कायद्याशी संबंध येतो. स्कॉटलंडमध्ये मानवतावादी, म्हणजे देव-धर्माऐवजी माणसाला केंद्रस्थानी मानणाऱ्या, संस्थेच्या अधिकृत व्यक्तीने लावलेल्या विवाहाला २००५ पासून कायद्याची मान्यता आहे आणि २०१४ च्या अखेरीपासून समलिंगी जोडप्यांनाही तसा विवाह करता येतो. शेजारच्या इंग्लंड आणि वेल्समध्ये मात्र मानवतावादी सोहळ्याला स्वतंत्र कायदेशीर स्थान नाही. तेथे जोडपी नोंदणी अधिकाऱ्यासमोर वेगळी सही करतात आणि मग आपल्या मनासारखा सोहळा करतात. फ्रान्समध्ये तर धार्मिक विधी करणाऱ्यांनाही आधी नगरपालिकेच्या कार्यालयात नागरी विवाह करावा लागतो. म्हणून तुम्ही ज्या देशात राहता तेथे नोंदणी उपलब्ध असेल तर ती वेगळ्या दिवशी, दोन साक्षीदारांसह, शांतपणे उरकून घ्यावी आणि सोहळ्याचा दिवस कागदांपासून मोकळा ठेवावा, असे मी सुचवते. नोंदणी उपलब्ध नसेल तर सोहळ्यात 'कायद्याने मला दिलेल्या अधिकारानुसार' यासारखे वाक्य वापरू नका. ते खरे नसते, आणि ज्या दिवशी सगळे खरे बोलायचे त्या दिवशी ते खटकते. 'तुम्ही दोघांनी आमच्यासमोर दिलेल्या वचनांनुसार' असे म्हटले तर घोषणा पूर्ण होते आणि त्यातला प्रत्येक शब्द टिकतो.

तुमच्या भावाच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इतिहासातच आहे. ऑक्टोबर १९८७ मध्ये, जेव्हा जगात कोठेही समलिंगी विवाह कायदेशीर नव्हता, तेव्हा वॉशिंग्टन येथे शेकडो समलिंगी जोडप्यांनी एकत्र येऊन सामूहिक सोहळा केला, आणि त्यासाठी जागा निवडली ती केंद्रीय कर खात्याच्या इमारतीसमोरची. विवाहित जोडप्यांना करात मिळणाऱ्या सवलती आम्हाला का नाहीत, हा प्रश्न त्या जागेनेच विचारला. त्या दिवशी कोणाच्याही हातात प्रमाणपत्र पडले नाही, पण ही जोडपी आहेत हे त्यानंतर नाकारता येईना. कायदा बऱ्याचदा मागून येतो. माणसे आधी एकमेकांसमोर उभी राहिलेली असतात.

मात्र हक्कांची उणीव भावनेने भरून निघत नाही, हेही मी तितक्याच आग्रहाने सांगेन. ज्यांच्या नात्याला कायद्याचे संरक्षण नाही त्यांनी सोहळ्याच्या आधीच्या महिन्यात वकिलाला गाठून आपापली मृत्युपत्रे करावीत. जोडीदार शुद्धीवर नसताना वैद्यकीय निर्णय कोणी घ्यायचे याचा लेखी अधिकार द्यावा. बँक खाते, विमा आणि निवृत्तिवेतन यांवर नामनिर्देशन करावे आणि घराच्या करारावर दोघांची नावे घालावीत. कोणता कागद कोठे किती चालतो हे त्या त्या देशाच्या कायद्यानुसार बदलते, म्हणून इतरांच्या कागदांची नक्कल करू नका. एका जोडप्याने हे सारे दस्तऐवज सोहळ्याच्या आदल्या संध्याकाळी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, दोन मित्रांना साक्षीदार म्हणून बसवून सही केले. दुसऱ्या दिवशीच्या वचनांइतकीच ती संध्याकाळ त्यांना आठवते, असे त्यांनी मला सांगितले.

प्रश्न : सोहळा चालवण्यासाठी आम्ही एका मित्राला विनंती केली आहे. तो उत्तम बोलतो, पण त्याने असे काही पूर्वी केलेले नाही. चालेल का?

जरूर चालेल. काही देशांत प्रशिक्षित मानवतावादी सूत्रधार मिळतात, पण तुम्हाला जवळून ओळखणारा माणूस असेल तर तो अधिक बरा. उत्तम बोलणाऱ्या मित्राचा धोका एकच : तो बोलतच राहतो. त्याच्याकडून सगळी संहिता लिहून घ्या, मोठ्या अक्षरांत छापून हातात द्या आणि किमान एकदा उभ्याने, मोठ्या आवाजात, प्रत्यक्ष ध्वनिक्षेपकासह तालीम करा. तुमच्या जुन्या नात्यांचे उल्लेख आणि कॉलेजच्या दिवसांतल्या गमती सोहळ्यात नकोत, हे आधीच सांगा. चुंबनाच्या किंवा आलिंगनाच्या क्षणी त्याने बाजूला सरकावे, हेही सांगा. नाहीतर प्रत्येक फोटोत मधोमध तो दिसेल.

तुमच्यापैकी कोणी ट्रान्स व्यक्ती असेल तर नावाची आणि सर्वनामांची काळजी तालमीतच घ्या. आमंत्रणपत्रिका, पाहुण्यांच्या खुर्च्यांवरील चिठ्ठ्या, वाचन करणाऱ्यांचे कागद, सह्यांचे पत्रक या सर्व ठिकाणी व्यक्तीने स्वीकारलेले नावच असावे. मराठीत क्रियापदही लिंग दाखवते, त्यामुळे एकटे नाव बदलून भागत नाही. 'ती आली', 'तो म्हणाला' अशी प्रत्येक जागा शोधून तपासावी लागते. हे काम जोडप्यावर टाकू नका. सूत्रधाराने ते करावे.

प्रश्न : माझ्या जोडीदाराचे आई-बाबा येणार आहेत. माझी आई येईन म्हणते, बाबा येणार नाहीत. आजीला वाटते की निदान एक प्रार्थना तरी व्हावी. शिवाय आमच्या काही मित्रांच्या घरी त्यांच्याविषयी माहीत नाही. या सगळ्यांना एका खोलीत सांभाळायचे कसे?

आलेल्या पत्रांपैकी हे पत्र मी सर्वांत जास्त वेळा वाचले.

प्रथम वडिलांविषयी. त्यांच्यासाठी पहिल्या रांगेत रिकामी खुर्ची ठेवू नका. काहींना तो हृद्य संकेत वाटतो, पण अर्धा तास तुमची आणि तुमच्या आईची नजर त्याच खुर्चीवर जात राहील, आणि आलेल्या माणसांपेक्षा न आलेला माणूस मोठा होईल. 'मुलाला सुपूर्त करणे' यासारखा, दोन्हीकडच्या पालकांची जोडी लागणारा कोणताही प्रसंग संहितेत घेऊ नका. त्याऐवजी ज्यांनी तुम्हाला आधार दिला अशा सर्वांचे आभार एका वाक्यात, नावे न घेता मानले, तर कोणाची अनुपस्थिती मोजली जात नाही. वडिलांना आमंत्रण मात्र लेखी द्या, वेळ आणि पत्ता स्पष्ट लिहा, आणि उत्तराचा आग्रह धरू नका. मनाची तयारी शेवटच्या दिवशी झालेली माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांना दाराशी उभे राहून पत्ता विचारावा लागू नये असे वाटते.

आईविषयी. जी व्यक्ती धीर एकवटून येते तिच्यावर व्यासपीठावरचे काम लादू नये. 'दोन शब्द बोला' ही विनंती तिला घाबरवू शकते. तिला हातांना काही करता येईल असे, न बोलण्याचे काम द्या. एका सोहळ्यात एका मुलीची आई शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसली होती. अंगठ्यांची लहान लाकडी पेटी आम्ही तिच्याकडे ठेवायला दिली होती. वेळ आली तेव्हा पेटी आणायला मी निघाले, तोच ती स्वतः उठली, मधल्या वाटेने सावकाश चालत पुढे आली, पेटी आपल्या मुलीच्या हातात न देता मुलीच्या जोडीदाराच्या हातात दिली आणि परत न जाता पहिल्या रांगेत बसली. हे आम्ही ठरवलेले नव्हते आणि ठरवून झालेही नसते. पण पेटी तिच्याकडे होती म्हणून तिला पुढे येता आले.

आजीच्या प्रार्थनेविषयी तुम्ही दोघांनी एकमताने निर्णय घ्यावा. मला विचाराल तर निधर्मी सोहळ्यात एखाद्या धर्माची प्रार्थना घेतली की सोहळ्याचा सूर बिघडतो, आणि मग दुसऱ्या बाजूच्या घरातली प्रार्थना का नाही, असाही प्रश्न येतो. त्याऐवजी वचनांच्या आधी एक मिनिट शांतता ठेवा. सूत्रधाराने म्हणावे, "या मिनिटात प्रत्येकाने आपल्या परीने या दोघांसाठी शुभ चिंतावे." ज्याला प्रार्थना करायची तो करील, ज्याला नाही तो नुसता बसेल. आजीला हे आधी समजावून सांगा आणि ते मिनिट आपण तिच्यासाठी ठेवले आहे हेही सांगा. मिनिट घड्याळावर मोजा, कारण शांतता पेलवत नसल्याने सूत्रधार हमखास वीस सेकंदांत बोलू लागतो.

आता मित्रांविषयी, आणि येथे मी अगदी कठोर आहे. ज्यांच्या घरी, कार्यालयात किंवा घरमालकाला त्यांच्याविषयी माहीत नाही, त्यांच्यासाठी समाजमाध्यमांवरचा एक फोटोही महागात पडू शकतो. सोहळ्याच्या वेळी कोणीही मोबाइल बाहेर काढू नये आणि पाहुण्यांचे फोटो त्यांच्या परवानगीशिवाय कोठेही टाकू नयेत, हे आमंत्रणातच लिहा आणि सुरुवातीला सूत्रधाराकडून पुन्हा सांगून घ्या. छायाचित्रकाराला आधी भेटून दोन गोष्टी ठरवा : पाहुण्यांचा कोणता भाग चौकटीत येऊ द्यायचा नाही, आणि त्याच्या जाहिरातीसाठी तुमची छायाचित्रे वापरायची की नाहीत. दुसरी गोष्ट करारात लिहून घ्या. फोटोत यायचे नसलेल्यांसाठी एका बाजूच्या दोन रांगा राखून ठेवता येतात. तशा त्या आहेत हे जाहीर करू नका, ज्यांना हव्यात त्यांनाच खासगीत सांगा. सर्वांच्या सह्यांचे पत्रक ठेवायची कल्पना अनेकांना आवडते. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या विवाहात उपस्थित सर्व जण प्रमाणपत्रावर साक्षीदार म्हणून सही करतात आणि ती प्रथा निधर्मी सोहळ्यातही शोभून दिसते. पण सही ऐच्छिक ठेवा आणि नुसते पहिले नाव लिहिण्याची मुभा द्या.

प्रश्न : आधी कोणी चालत यायचे, कोणी उजवीकडे उभे राहायचे, आणि अंगठ्यांशिवाय दुसरे काय करता येईल?

चालत येण्याचा आणि उभे राहण्याचा कोणताही नियम तुम्हाला बंधनकारक नाही. दोघे हातात हात घालून एकत्र या, किंवा दोन बाजूंनी येऊन मध्ये भेटा. 'यांच्यात नवरी कोण' असे विचारणाऱ्याला उत्तर देत बसू नका. पोशाख वेगवेगळे असतील तर निदान शिवायला टाकण्याआधी एकमेकांना रंग सांगा.

प्रतीक निवडताना ते जागेत आणि वेळेत बसते का ते पाहा. उघड्यावर मेणबत्ती पेटत नाही. सर्व पाहुण्यांच्या हातांतून अंगठ्या फिरवण्याची कल्पना सुंदर आहे, पण साठ पाहुण्यांनी प्रत्येकी पाच सेकंद हातात धरल्या तरी पाच मिनिटे जातात आणि तेवढा वेळ तुम्ही दोघे नुसते उभे असता. पहिल्या दोन रांगांपुरतीच ती ठेवा आणि अंगठ्या रिबिनीने एकत्र बांधा. दोन हात कापडाच्या पट्टीने सैलसर बांधण्याची जुनी युरोपीय रीतही अनेक जोडपी घेतात. ती पट्टी जुन्या आवडत्या कपड्यांची असेल तर तिला अर्थ येतो. मला सर्वांत आवडते ते पत्रांचे : दोघांनी एकमेकांना लिहिलेली पत्रे सोहळ्यात पेटीत बंद करायची आणि ठरवलेल्या वर्षी उघडायची. यापैकी एकच निवडा. दोन-तीन प्रतीके एकापाठोपाठ आली की एकही लक्षात राहत नाही.

प्रश्न : आम्ही बावीस वर्षे एकत्र आहोत. आता सोहळा केला तर आधीची बावीस वर्षे कच्ची होती असे होईल का? आणि यापुढे वर्धापनदिन कोणता मानायचा?

अमेरिकेतील डेल मार्टिन आणि फिलिस लायन या दोघी १९५३ पासून एकत्र राहत होत्या. फेब्रुवारी २००४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलमध्ये त्यांचा विवाह लागला. सहा महिन्यांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. कायदा बदलल्यावर १६ जून २००८ रोजी त्यांचा विवाह पुन्हा लागला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मार्टिन वारल्या. कागदावर त्यांचा संसार जेमतेम दहा आठवड्यांचा होता. ज्यांनी पंचावन्न वर्षे एकत्र काढली त्यांच्याविषयी असे कोण म्हणेल?

डेन्मार्कमध्ये १९८९ साली पहिल्याच दिवशी नोंदणी करणाऱ्यांत अॅक्सेल आणि आयगिल हे दोघे होते. तोवर सुमारे चाळीस वर्षे ते एकत्र होते, आणि नोंदणीच्या कितीतरी आधी त्यांनी आपल्या दोन नावांचे तुकडे जोडून 'अॅक्सगिल' हे आडनाव स्वतःच घडवून घेतले होते. नोंदवहीत त्यांचे नाव चढले तेव्हा ते नाव आधीपासूनच जुने झालेले होते.

तुमच्या संहितेत म्हणून काही शब्द जाणीवपूर्वक टाळा. 'आजपासून ही दोघे एकत्र वाटचाल सुरू करीत आहेत', 'नव्या आयुष्याची सुरुवात' ही वाक्ये तुमच्यासाठी नाहीत. वचनेही फक्त भविष्यकाळात लिहू नका. जे बावीस वर्षे पाळले ते भूतकाळात सांगा आणि मग पुढचे सांगा. वर्धापनदिन तुम्ही आजवर जो मानत आलात तोच ठेवा, आणि शक्य असेल तर सोहळाही त्याच तारखेला घ्या, म्हणजे दोन तारखा सांभाळाव्या लागणार नाहीत. सूत्रधाराच्या स्वागताच्या पहिल्याच वाक्यात ती जुनी तारीख, वार आणि ठिकाणासह, येऊ द्या. त्या दिवसाचा साक्षीदार असलेला एखादा जुना मित्र पाहुण्यांत असेल, तर ते वाक्य सूत्रधाराऐवजी त्यालाच वाचायला द्या.